स्मोक्तुनोव्स्की काहीच करत नाही असं वाटतं, तरी नजर का हटत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे की 1964 चा रशियन 'हॅम्लेट' बघितला, त्यातला हॅम्लेट झालेला नट ओरडत नाही, रडत नाही, हातवारे करत नाही, तरी दोन तास वीस मिनिटं त्याच्यावरून नजर हटत नाही. हा माणूस कोण, कुठे शिकला, आणि हे असं करणं शिकता येतं का?

मी बरीच वर्षं प्रायोगिक नाटकं बसवतोय आणि नवीन मुलांच्या तालमी घेतोय, आणि या एका नटाबद्दल मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगत आलोय, त्यामुळे उत्तर लांबेल, वेळ काढून वाचा.

नाव इनोकेंती मिखाइलोविच स्मोक्तुनोव्स्की. जन्म 28 मार्च 1925, सायबेरियात तोम्स्कच्या बाजूला तात्यानोव्का नावाचं खेडं. घरात खाणारी तोंडं बरीच आणि हातात पैसा नाही, म्हणून लहानपणीच क्रास्नोयार्स्कला आत्याकडे वाढायला गेला. मूळ आडनाव स्मोक्तुनोविच, ते नंतर बदललं. नाट्यशिक्षण म्हणाल तर मॉस्को-लेनिनग्राडच्या मोठ्या संस्थांपैकी एकीचीही पदवी त्याच्याकडे नव्हती. आधी सिनेमाच्या प्रोजेक्टरवर हाताखाली काम केलं, मग डॉक्टरच्या हाताखालचा फेल्डशर व्हायचं शिक्षण सुरू केलं, त्याच वेळी क्रास्नोयार्स्कच्या थिएटरात गर्दीतली कामं करत होता. युद्धानंतर तिथल्याच थिएटरच्या स्टुडिओत थोडे दिवस गेला. शिक्षण म्हणून सांगण्यासारखं एवढंच.

आता युद्धाबद्दल सांगावंच लागेल, कारण त्याशिवाय त्याचा चेहरा कळत नाही. 1943 च्या सुरुवातीला तो भरती झाला, वय सतरा. आधी पायदळाच्या अधिकाऱ्यांच्या शाळेत टाकलं होतं, तिथे शिकवणीच्या वेळात शेतात राहिलेले बटाटे वेचताना सापडला म्हणून खांद्यावरच्या पट्ट्या काढून सरळ आघाडीवर पाठवला. कुर्स्कची लढाई, नीपर नदी ओलांडणं, कीव्ह, हे सगळं त्याने साधा शिपाई म्हणून बघितलं. त्याआधी 1942 मध्ये वडील याच युद्धात गेले होते. 1943 च्या डिसेंबरात झितोमीरजवळ तो जर्मनांच्या हाती सापडला, महिनाभर युद्धकैद्यांच्या छावण्यांत काढला, आणि जानेवारी 1944 मध्ये कैद्यांचा तांडा हाकत नेत असताना निसटला. एका युक्रेनी कुटुंबाने त्याला घरात ठेवून घेतलं, सापडला असता तर ते कुटुंबही संपलं असतं. मग पार्टिझान म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या भागात लपून लढणाऱ्यांची तुकडी, मग परत सैन्य, आणि युद्ध संपलं तेव्हा तो जर्मनीत होता. शौर्याबद्दलचं पदक त्याला दोनदा मिळालं, पैकी एक हातात पडायला जवळपास पन्नास वर्षं लागली, ते मॉस्को आर्ट थिएटरच्या रंगमंचावर नाटकानंतर त्याला दिलं गेलं, तेव्हा अंगावर भूमिकेचे कपडे होते.

पण एवढ्यावर सुटका नव्हती. शत्रूच्या कैदेत राहिलेला माणूस म्हणजे स्टालिनच्या राज्यात संशयित. मोठ्या शहरांत राहायला बंदी. कधी उचलून नेतील त्याचा नेम नाही. तेव्हा त्याने जे केलं ते मला अजूनही विचार केला की अंगावर काटा आणतं, तो स्वतःहून नोरील्स्कला गेला. नोरील्स्क म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या वर, निकेलच्या खाणी आणि गुलागच्या, म्हणजे कैद्यांकडून सक्तमजुरी करून घेणाऱ्या छावण्यांचं शहर. त्याचा हिशोब साधा होता, की यापुढे हद्दपार करायला जागाच उरत नाही, मग आपणच आधी जाऊन बसू. तिथल्या थिएटरात 1946 ते 1951 अशी जवळजवळ पाच वर्षं त्याने काढली. शिक्षा भोगलेले, हद्दपार झालेले कलावंत तिथे काम करत होते, त्यातला गिओर्गी झ्झोनोव हा पुढे स्वतः फार मोठा नट झाला, त्याची याच्याशी दोस्ती झाली आणि त्यानेच याला इथून निघ, इथे संपशील असं समजावलं. थंडी आणि निकृष्ट खाणं यांनी तब्येतीची वाट लागली होती, स्कर्वी झाला होता.

मग माखाच्काला, ग्रोझनी, स्टालिनग्राड. ही सगळी गावोगावची थिएटरं, जिथे एक नाटक उभं राहीपर्यंत दुसऱ्याचं वाचन सुरू झालेलं असतं आणि नटाला मिळेल ते करावं लागतं. आपल्याकडे ज्यांनी दौऱ्यावरच्या कंपनीत दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. तीस वर्षांचा होईपर्यंत या माणसाचं नाव मॉस्कोत कोणाला माहीत नव्हतं.

1955 मध्ये तो मॉस्कोत आला आणि थिएटरांचे दरवाजे ठोठावत फिरला. सगळीकडून नकार. अंगावर एक स्कीइंगचा सूट, तोच घालून सगळीकडे जायचा, आणि झोपायला कधी कधी कुठल्यातरी इमारतीचा जिना. एका थिएटरात तात्पुरतं काम मिळालं, तिथे कपडेपटात काम करणारी शुलामिफ भेटली, तिच्याशी लग्न केलं, आणि शेवटपर्यंत तीच त्याचा आधार राहिली. त्याच सुमाराला दिग्दर्शक मिखाईल रोमच्या सिनेमात एक अगदी छोटं काम मिळालं, तिथे कॅमेऱ्यासमोर तो इतका आखडला की टेकवर टेक वाया जात होते, सेटवरची माणसं वैतागली, पण रोमने त्याला हाकललं नाही, शांतपणे काम काढून घेतलं. मी स्वतः दिग्दर्शन करताना एखादा मुलगा अडकला की मला रोम आठवतो.

1956 मध्ये 'सैनिक' नावाच्या युद्धपटात त्याने फार्बर नावाचा अधिकारी केला, चष्मा लावणारा, युद्धात न शोभणारा, हळू बोलणारा माणूस. सिनेमा फार गाजला नाही पण लेनिनग्राडच्या बोल्शोई ड्रामा थिएटरचा प्रमुख गिओर्गी तोवस्तोनोगोव याने तो बघितला आणि त्याच्या डोक्यात ते डोळे बसले. तो तेव्हा दोस्तोयेव्स्कीच्या 'इडियट' या कादंबरीवरून नाटक करत होता आणि त्यातल्या नायकासाठी, प्रिन्स मिश्किनसाठी, नट मिळत नव्हता.

इथे थांबून जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं.

मिश्किन म्हणजे निर्मळ माणूस. आजारातून उठून परदेशातून परत आलेला, कोणाबद्दल मनात किल्मिष नसलेला. आता अशी भूमिका नटाला दिली की तो काय करतो? मान किंचित तिरकी, डोळे मोठे, आवाज बारीक, चेहऱ्यावर एक कायमचं हसू. मी हे तालमीत शंभरदा बघितलंय. मी स्वतः तरुणपणी एका एकांकिकेत असा भाबडा माणूस केला होता आणि अगदी हेच केलं होतं, प्रेक्षकांना माझी कीव आली, प्रेम वाटलं नाही. चांगुलपणा दाखवायला गेलं की तो खोटा होतो, कारण चांगल्या माणसाला आपण चांगले आहोत हे दाखवायचं नसतंच.

स्मोक्तुनोव्स्की पण अडकला. तालमी चालू, दिवस जातायत, भूमिका हातात येत नाही, सहकलाकारांना वाटायला लागलं की हा गावाकडचा नट कशाला आणला, आणि त्यालाही वाटलं की सोडून जावं. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की त्याच दिवसांत तो लेनफिल्म स्टुडिओत होता, तिथे नेहमीसारखी गर्दी, धावपळ, आरडाओरडा, आणि त्या गोंधळाच्या मधोमध एक माणूस उभा राहून पुस्तक वाचत होता. बस एवढंच. आजूबाजूच्या गदारोळाशी त्याचा संबंधच नव्हता, तो तिथे होता आणि नव्हता. स्मोक्तुनोव्स्कीला त्या क्षणी मिश्किन दिसला. नंतर चौकशी केल्यावर कळलं की हा माणूस सतरा वर्षं छावण्यांत काढून आलेला होता.

त्या माणसाकडून त्याने काय उचललं याचा विचार करा. लकब उचलली नाही, चालणं-बोलणं उचललं नाही, त्याचं लक्ष उचललं. ज्याने सगळं गमावून झालंय आणि तरी ज्याच्यात कडवटपणा उरला नाही, असा माणूस समोरच्याकडे किती पूर्ण लक्ष देऊन बघतो, तेवढं. आणि हे ओळखायची ताकद त्याच्यात कुठून आली, तर स्वतः छावणीत, नोरील्स्कमध्ये अशी माणसं त्याने जवळून बघितली होती, म्हणून गर्दीत एक नजर टाकून त्याला कळलं. शाळेत शिकलेल्या नटाच्या समोरून तोच माणूस गेला असता तर कदाचित दिसलाही नसता.

प्रयोग 31 डिसेंबर 1957 ला लागला. मिश्किनचा प्रतिस्पर्धी रोगोझिन, त्या भूमिकेत येवगेनी लेबेदेव, तो आगीसारखा, आणि समोर हा. लोक दुसऱ्या शहरांतून लेनिनग्राडला येऊन तिकिटांसाठी उभे राहायला लागले, समीक्षकांनी त्याच्या हातांवर, आवाजावर, नुसत्या ऐकण्यावर लिहिलं. स्टालिनला जाऊन पाच वर्षंही झाली नव्हती, छावण्यांतून माणसं घरी परतत होती, प्रत्येक घरात कोणीतरी गेलेलं किंवा परत आलेलं होतं, आणि रंगमंचावर एक माणूस दूरवरून परत आलाय आणि तो कोणाचाही सूड मागत नाहीये. ते लोक नुसतं दोस्तोयेव्स्की बघत नव्हते हे माझं मत आहे, ते आपल्या घरातलं माणूस बघत होते. 1966 मध्ये हे नाटक पुन्हा उभं करून लंडन आणि पॅरिसला नेलं.

त्या प्रयोगाचं पूर्ण चित्रीकरण आपल्याला बघायला मिळत नाही ही नाटकाची नेहमीची रड. म्हणून 'हॅम्लेट'ला एवढं महत्त्व.

ग्रिगोरी कोझिन्त्सेवने 1964 मध्ये तो सिनेमा दिग्दर्शित केला, बोरिस पास्तरनाकचं भाषांतर, दिमित्री शोस्ताकोविचचं संगीत, ऑफेलिया झालेली अनास्तासिया वेर्तिन्स्काया. बाहेरचं बरंच चित्रीकरण एस्टोनियाच्या बाजूच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि इव्हानगोरोदच्या किल्ल्यात झालं. व्हेनिसला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला, 1965 मध्ये लेनिन पारितोषिक. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल, मला वेगळं सांगायचंय.

आपल्या मराठीत हॅम्लेट फार जुना आहे, आगरकरांचं 'विकारविलसित' 1883 चं, आणि गणपतराव जोशींनी तो असा गाजवला की त्यांचं नाव आणि हॅम्लेट एकत्रच घेतलं जायचं. ती परंपरा भाषणाची, आवाजाची, शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची, आणि तेव्हा ना माईक होता ना कॅमेरा, त्यामुळे ती बरोबरच होती. पण आमच्या पिढीपर्यंत असं झालं की हॅम्लेट म्हणजे स्वगतं, आणि स्वगत म्हणजे टाळी. मी पहिल्यांदा हा सिनेमा फिल्म सोसायटीच्या घासलेल्या प्रिंटवर बघितला तेव्हा 'जगावं की मरावं' कधी सुरू झालं आणि कधी संपलं मला कळलंच नाही. समुद्राकाठी खडकांमधून एक माणूस चालतोय, ओठ हलत नाहीत, आवाज आतून येतोय. तो विचार म्हणून दाखवत नाहीये, विचार करतोय आणि आपण ऐकतोय.

आणि कॅमेऱ्याला हे कळतं. चेहऱ्यावर काही आणून दाखवलं की कॅमेरा ते पकडतो आणि मोठं करतो, खोटेपणासकट. मुलांना मी नेहमी सांगतो की स्मोक्तुनोव्स्की दुसऱ्याचं वाक्य चालू असताना काय करतो ते बघा. तो ऐकतो. पुढचं वाक्य आठवत बसलेला नसतो. कैदेत राहिलेल्या, पाळत असलेल्या माणसाला ऐकण्याची सवय असते, कोण काय बोलतंय आणि त्यामागे काय आहे यावर जीव अवलंबून असतो. एल्सिनोर हा सगळा किल्ला म्हणजे पाळतच आहे, भिंतीआड माणसं उभी आहेत, मित्र राजाकडे चहाड्या करतायत. हॅम्लेटची ती अवस्था त्याला वेगळी समजून घ्यावी लागली नसणार असं मला वाटतं.

पण म्हणून सगळं आयुष्याच्या दुःखातून आलं असंही समजू नका, नाहीतर दुःख भोगलेला प्रत्येक माणूस मोठा नट झाला असता. या माणसाचं तंत्र भयंकर पक्कं होतं. आवाज बघा, थोडा वरच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी अनपेक्षित जागी वर जाणारा, मध्येच एखादा शब्द सोडून दिल्यासारखा. त्याची नक्कल करणारे पुष्कळ झाले. हा आवाज नुसता किती काम करतो ते बघायचं असेल तर तारकोव्स्कीचा 'आरसा' बघा, 1975 चा, त्यात निवेदकाचा आवाज याचा आहे, चेहरा एकदाही दिसत नाही आणि तरी सिनेमाभर तो माणूस आपल्या शेजारी बसलेला असतो.

विनोदी काम जमायचं का, तर 1966 चा दिग्दर्शक रियाझानोवचा 'मोटारीपासून सावधान' बघाच. युरी देतोच्किन नावाचा विमा एजंट, तो लाचखाऊ आणि काळाबाजारवाल्यांच्या वोल्गा गाड्या चोरतो, विकतो आणि पैसे अनाथाश्रमांना देतो, स्वतःसाठी फक्त खर्चापुरते ठेवतो आणि त्याचा हिशोब लिहितो. त्या वेळी स्मोक्तुनोव्स्कीची तब्येत बरी नव्हती, त्याने नाही म्हटलं होतं, रियाझानोव मागे लागला आणि त्याला घेऊनच आला. त्यात गंमत अशी की हा चोर आणि त्याला पकडणारा पोलीस दोघं एकाच हौशी नाट्यमंडळात आहेत आणि नाटक चाललंय हॅम्लेट! सगळ्या देशाने दोनच वर्षांपूर्वी ज्याला हॅम्लेट म्हणून डोक्यावर घेतलं तोच माणूस विमा एजंट होऊन हौशी हॅम्लेट करतोय. आणि तो कुठेही डोळा मारत नाही, थट्टा करत नाही, देतोच्किन जितका मनापासून चोरी करतो तितक्याच मनापासून हॅम्लेट करतो. म्हणून हसताना घसा दाटतो. मला विचाराल तर मिश्किन कसा असेल याचा सगळ्यात जवळचा पुरावा हा देतोच्किन आहे.

पोलीस झालेला नट म्हणजे ओलेग येफ्रेमोव, जो पुढे मॉस्को आर्ट थिएटरचा प्रमुख झाला आणि 1976 मध्ये त्यानेच स्मोक्तुनोव्स्कीला तिथे चेखवच्या 'इव्हानोव'साठी बोलावलं. डेव्हिड बोरोव्स्कीचं नेपथ्य होतं, रंगमंच जवळपास रिकामा, टेकायला खुर्ची नाही, भिंतींवर वाळक्या फांद्या. नटाला लपायला काही नाही. आपण तालमीत हातात कप देतो, सिगारेट देतो, म्हणजे नटाला काहीतरी करायला मिळतं, इथे ते सगळं काढून घेतलं होतं. त्याच्या आधी 1973 मध्ये माली थिएटरात त्याने 'झार फ्योदोर' केला, इव्हान द टेरिबलचा दुबळा, भला मुलगा, ज्याला सगळ्यांचं बरं करायचंय आणि ज्याच्या हातून सगळंच बिघडतं. पुढे आर्ट थिएटरात चेखवची आणखी कामं, आणि 1984 मध्ये लेव दोदिनच्या 'गोलोव्ल्योव कुटुंब'मध्ये तो गोड बोलून घर पोखरणारा इयुदुश्का. म्हणजे मिश्किन करणाऱ्या माणसाने हा पण केला. 3 ऑगस्ट 1994 ला मॉस्कोजवळच्या आरोग्यधामात हृदयविकाराने गेला, नोवोदेविची दफनभूमीत आहे.

मधली कामं मी सगळी सांगत बसत नाही, त्याने कधी कधी साधी आणि विसरण्यासारखी कामंही केली, सगळेच नट करतात. पण 1970 चे दोन सोडू नका. 'गुन्हा आणि शिक्षा'मधला तपास अधिकारी पोर्फिरी, जो आरोपीला एकही सरळ प्रश्न न विचारता घेरत नेतो, आणि कोंचालोव्स्कीचा 'अंकल वान्या', ज्यात समोर डॉक्टर आस्त्रोव म्हणून सेर्गेई बोंदार्चुक आहे. वान्याचा संताप बघा, किती हास्यास्पद होऊन बाहेर येतो, आणि त्या हास्यास्पद होण्याची त्याला स्वतःला किती लाज वाटते. एकाच क्षणात या दोन्ही गोष्टी करणं फार अवघड आहे, मला आजवर जमलेलं नाही.

शिकता येतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्याचं आयुष्य कोणाला शिकता येणार नाही आणि कोणाच्या वाट्याला येऊही नये. पण त्याने लेनफिल्मच्या गर्दीत जे केलं ते तुम्ही उद्यापासून करू शकता. स्टेशनवर, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, एसटीत, एखादा माणूस निवडा आणि त्याची लकब टिपू नका, तो कशाकडे लक्ष देतोय आणि कशाकडे देत नाहीये एवढंच बघा. माझ्याकडे येणारी मुलं पहिले दोन महिने हेच करतात आणि वैतागतात.

आणि घरबसल्या करायचा एक अभ्यास सांगतो. 1962 मध्ये 'मोझार्ट आणि सालिएरी' या पुश्किनच्या नाटकावरच्या ऑपेराचा सिनेमा झाला, ज्यात संगीतकार सालिएरी मत्सरापोटी मोझार्टला विष देतो, त्यात गाणारा आवाज सेर्गेई लेमेशेवचा आणि पडद्यावर मोझार्ट झालेला स्मोक्तुनोव्स्की. मग 1979 मध्ये दिग्दर्शक श्वाइत्झरने पुश्किनच्या 'छोट्या शोकांतिका' टीव्हीसाठी केल्या, त्यात तीच गोष्ट आहे, पण आता तो सालिएरी आहे, मोझार्ट झालाय वालेरी झोलोतुखिन. पुश्किनचे शब्द तेच, मधे सतरा वर्षं. एकात तो विष पितो, दुसऱ्यात विष देतो. दोन्ही एका बैठकीत बघा. सालिएरी झाल्यावर तो मोझार्टचं संगीत ऐकतो तो भाग दोनदा बघा, एकदा आवाज बंद करून. द्वेष करणारा माणूस इतक्या प्रेमाने ऐकताना मी दुसरा बघितलेला नाही.

मग परत 'हॅम्लेट'कडे या आणि बासरीचा प्रसंग लावा, जिथे तो त्या दोन खोट्या मित्रांना बासरी वाजवायला सांगतो, त्यांना वाजवता येत नाही, आणि मग तो विचारतो की या लाकडाच्या तुकड्यापेक्षा मी वाजवायला सोपा वाटलो का तुम्हाला. आवाज चढत नाही. बासरी हातात कशी धरलीये तेवढं बघा.